नखाची लवकी

डॉ. कुमुद वाकोडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी आई त्यांना दुकानासमोरून हाकलत होती. गौरवग्रंथातला लेख अशा वाक्याने सुरू करू नये, हे मला कळतं. पण समितीने पाठवलेल्या पत्रात ‘प्रथम परिचय’ हा मुद्दा पहिलाच आहे, आणि प्रथम परिचय असाच झाला. त्याला माझा इलाज नाही.

आमचं दुकान म्हणजे अमरावतीच्या भाजीबाजारात अंथरलेलं एक पोतं, वर कापडाची पाल आणि मागे बसलेली माझी आई, यमुनाबाई. आम्ही माळ्याचे. वाडीत भाजी पिकवायची आणि आपणच आणून विकायची, हा घरचा जुना धंदा. मी तेव्हा गृहअर्थशास्त्र घेऊन एम.ए. करत होते. त्या सकाळी कॉलेज बुडवून आईजवळ बसले होते, आणि समोर सुती पातळ नेसलेल्या, हातात छोटी वही घेतलेल्या ज्या बाई उभ्या होत्या, त्या दोनच आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या आमच्या विभागप्रमुख होत्या. मी मेथीच्या जुड्यांआड तोंड लपवलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, भाजीकडेही नव्हतं. भाजी घेणाऱ्यांच्या हातांकडे त्या बघत होत्या. अर्धा तास झाला तरी बघतच होत्या.

आईने बराच वेळ धीर धरला, मग म्हणाली, “ओ बाई, घ्याचं असन त घ्या, नाई त बाजूले व्हा. गिऱ्हाईक अडून राह्यलं.”

मॅडम जराही वरमल्या नाहीत. “घेते ना,” म्हणाल्या, “आधी एक सांगा. सकाळपासून लवकीला किती जणींनी नख मारलं?”

लवकी म्हणजे दुधीभोपळा. तो कोवळा आहे की जून, हे आमच्याकडच्या बायका अंगठ्याचं नख रुतवून बघतात. आईला हसू आलं. “नख नाई मारन ते बाई कोन्ती?”

“आणि नख मारलेली लवकी मग कोण घेतं?”

“कोनी नाई घेत. ते आमच्याच घरी शिजते.”

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. अर्धा किलो भेंडी घेतली, तीही शेंडे न मोडता. निघताना मेथीआडच्या माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आईसमोर एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “रेखाचा कालचा तास बाजारात झाला. हजर मांडते.” वर्गाला काही कळलं नाही. मी मात्र वहीआड तोंड लपवलं.

मॅडमचा संशोधनाचा विषय कागदावर फार लांब आहे. ‘फळे व भाजीपाला यांच्या काढणीपश्चात हाताळणीविषयी ग्राहकांचा दृष्टिकोन.’ मी एकदा आईला हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, “म्हंजे तोडल्यावर?” मी हो म्हटलं. “मंग तसं म्हनाले काय होते?” तिचा प्रश्न मी मॅडमना सांगितला, तर त्या म्हणाल्या, “काही होत नाही, फक्त मंजुरी मिळत नाही.”

विषय सोपा करून सांगायचा तर असा. शेतातून तोडलेला माल ताटात पडेपर्यंत किती हातांतून जातो आणि त्यात किती नासतो, याबद्दल जो तो शेतकऱ्याला शहाणपण शिकवतो. पोत्यात कोंबू नका, कॅरेट वापरा, उन्हात ठेवू नका, धुऊन निवडून आणा. मॅडमचं म्हणणं असं, की शेवटचा हात गिऱ्हाईकाचा असतो आणि त्याला कुणीच काही विचारत नाही. तुम्ही माल कितीही जपून आणा, गिऱ्हाईकाच्या मनात काय आहे ते कळलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. देठाला पान असलेलं संत्रं दिसलं की आपण खूश होतो. तेच संत्रं धुऊन पुसून चकचकीत करून ठेवलं की ‘मेण फासलं असेल’ म्हणून खाली ठेवतो. मुळ्याला माती असली की मुळा ताजा. केळं पिवळंधमक असलं की गॅसवर पिकवलेलं, ठिपक्यांचं असलं की उतरलेलं. “मग केळ्याने करावं तरी काय?” असं मॅडम वर्गात विचारायच्या आणि खरोखर उत्तराची वाट बघायच्या.

मॅडम अकोल्याच्या. नोकरीची सगळी वर्षं रोज गाडीने बडनेऱ्याला उतरायच्या, तिथून ऑटोने कॉलेजात. परतीची गाडी त्यांची अनेकदा सुटली, आणि प्रत्येक वेळी कारण फळांचंच होतं. एकदा बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर एका माणसाने आठ पेरू दाबून बघितले आणि नववा घेतला, तोवर गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी हे सांगताना त्यांना गाडीचं दुःख नव्हतं. नववाच का घेतला, हे त्या माणसाला विचारायचं राहिलं, याचं होतं.

गौरवलेखात ‘मृदू स्वभाव’ लिहायची रीत आहे. माझ्याने ते लिहवणार नाही. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यांनी समासात एकच वाक्य लिहून परत केलं होतं, “हे तुला कोणी सांगितलं की तू ठरवलंस?” चिडल्या की त्यांची भाषा पुस्तकातून उठून थेट अकोल्याला जाते. “काहून वं, डोकं घरी ठेवून आली का?” हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा त्यांच्याकडून शाबासकी ऐकलेली नाही. पण रागावणं आणि डूख धरणं यांत फरक असतो. मॅडमनी कुणावर डूख धरल्याचं मला आठवत नाही.

आता मी ज्यासाठी लेखणी घेतली तिकडे येते. समितीने मला ‘संशोधनकार्य’ हा मथळा दिला आहे. मॅडमचं सगळ्यात नावाजलेलं काम माझ्या एका लबाडीतून निघालं, आणि ती लबाडी मी वीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. मॅडमनाही नाही. त्यांना ती ठाऊक आहे की नाही, या एका शंकेवर मी इतकी वर्षं काढली. त्यांच्यासमोर बसून चहा पिताना, त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करताना, त्यांच्याच विभागात नोकरीला लागताना, प्रत्येक वेळी ही शंका माझ्याबरोबर होती.

एम.ए. झाल्यावर मॅडमनी मला प्रकल्पावर सहायक म्हणून घेतलं. अमरावतीतल्या गृहिणींकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. साठ घरं माझ्या वाट्याला आली, बहुतेक आमच्याच भागातली. पहिल्या आढावा बैठकीला पुण्याहून दोन तज्ज्ञ आले होते. मी काही बायकांची उत्तरं जशीच्या तशी वाचून दाखवली. त्या तज्ज्ञांतल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, “किती छान रांगडं बोलतात नाही तुमच्याकडे!” त्यांच्या मनात वाईट काही नसावं. मला मात्र ते झोंबलं. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणजे काय जत्रेतलं अस्वल आहे का, असं वाटलं. आणि त्यांच्यावर रागवायचं सोडून मला आमच्याच बायकांची लाज वाटायला लागली.

फॉर्मात दोन प्रश्न महत्त्वाचे होते. भाजी घेताना तुम्ही ती दाबून, मोडून किंवा नख लावून पाहता का? आणि धुतलेली, निवडलेली, झाकलेली भाजी मिळाली तर हात न लावता घ्याल का? आमच्या बायका मला खरं सांगत होत्या. एक म्हणाली, “दाबून नाई पाहू त का फोटू पाहून घेऊ?” दुसरी म्हणाली, “भेंडीचा शेंडा मोडल्याशिवाय मी देवाघरची बी नाई घेत.” मी मान डोलावत होते, आणि घरी येऊन पहिल्या प्रश्नापुढे ‘नाही’ आणि दुसऱ्यापुढे ‘हो’ अशी खूण करत होते. पुण्याच्या बाईंना आमचे लोक शिकलेसवरलेले दिसावेत, एवढाच हेतू. काही घरांत तर मी गेलेच नाही. काय सांगतील ते ठाऊकच होतं आणि काय लिहायचं तेही ठरलेलं होतं. साठांपैकी खरे फॉर्म किती, हे माझं मलाच आज सांगता येणार नाही. आणि आईला विचारायचं तर माझ्या मनातही आलं नाही. ती पडली विकणारी, तिला काय विचारायचं?

फॉर्म गोळा झाले. सगळीकडून मजकूर एकच निघाला, की ग्राहकाला स्वच्छ, झाकलेली, कुणाचा हात न लागलेली भाजी हवी आहे. इतर मुलींच्या फॉर्ममध्येही थोडंफार असंच होतं, कारण कॉलेजातली मुलगी दारात उभी राहिली की माणूस जरा सावरून बोलतो. पण पारडं झुकलं ते माझ्या साठ फॉर्मनी. त्या अहवालावर एक प्रयोग ठरला. एका बचत गटाने वसाहतीच्या रस्त्यावर नमुन्याचं दुकान टाकायचं. बचत गट कोणाचा? आईचा. मीच तिचं नाव सुचवलं होतं, मोठ्या हौसेने.

आईने बाजारातली जागा सोडली. ही गोष्ट लहान नाही. तिथे ती लग्न होऊन आली तेव्हापासून बसत होती. बाजारातली जागा आज सोडली की उद्या तिथे दुसऱ्याचं पोतं अंथरलेलं असतं, आणि मग ती परत मागायची सोय नसते. मी तिला म्हटलं, “आई, अभ्यास झालाय, बायकांनी स्वतः सांगितलंय.” ती म्हणाली, “तू म्हनतं त खरंच असन.”

नव्या दुकानात निळी कॅरेटं आली. भाजी धुऊन, निवडून, वरून पारदर्शक प्लास्टिक घालून मांडली. ‘कृपया भाजीस हात लावू नये’ ही पाटी माझ्या हातची, अक्षर सुरेख. पहिल्या दिवशी मॅडम सकाळपासून येऊन बाजूला उभ्या राहिल्या, वही घेऊन.

पहिली बाई आली. तिने प्लास्टिकवरून वाकून बघितलं. “काहून झाकून ठेवलं वं माय? आतून सडेल हाय काय?”

“नाई वो, धुतेल हाय,” आई म्हणाली.

“धुतेल म्हंजे कालची. काल उरली म्हनून आज धुतली.” ती गेली.

दुसरीने पाटी मोठ्याने वाचली. “हात नाई लावू द्याचा? मी देवळात आली का बाजारात आली?” तीही गेली. समोरच्या बाजूला एक हातगाडी उभी होती, मातीने भरलेली गाजरं आणि धूळ बसलेली वांगी घेऊन. दोघी तिकडे गेल्या, तिथे यथेच्छ दाबादाबी केली आणि पिशव्या भरून घरी गेल्या. आई बघत होती. मी पाटीकडे बघत होते.

असे आठ-दहा दिवस गेले. झाकलेली भाजी झाकलेलीच सुकत गेली, टमाटे प्लास्टिकखाली घामेजून मऊ पडले. वाडीतून रोज ताजा माल यायचा आणि रोज म्हशीपुढे जायचा. गटातल्या दुसऱ्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. आई एकटी बसायची. मला बोलली असती तर बरं झालं असतं. एके दुपारी पाणी पिता पिता ती सहज म्हणावं तसं म्हणाली, “तुया फॉर्मात मले कुटं इचारलं होतं, पोरी? मी सांगतलं असतं. गिऱ्हाईकाच्या हाताले डोये असतात. ते झाकले का गिऱ्हाईक आंधयं होते.”

मी उठले. बाजारात जाऊन बघितलं तर आईच्या जागेवर कांद्याच्या गोण्या लागल्या होत्या. त्या दिवशी मला माझीच किळस आली. आणि तरीही मी मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, पुढची पदवी गेली असती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मॅडमच्या नजरेतून उतरले असते. मी भ्याले. याला दुसरा शब्द नाही.

पुढचे दोन रविवार मॅडम अकोल्याहून अमरावतीला आल्या. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही. मग पुढची आढावा बैठक झाली, तेच दोन तज्ज्ञ समोर होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा अहवाल चुकला आहे. मी तो मागे घेते. ज्या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर असतं तो प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, आणि असे प्रश्न मी काढले होते. आपण विचारलं की माणूस नागरिक होतो, बाजारात गेला की गिऱ्हाईक होतो. मी नागरिकांना विचारत बसले. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही.” मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

प्रकल्पाची पुढची मंजुरी गेली. एका मोठ्या समितीवर मॅडमचं नाव जाणार असल्याची चर्चा होती, तीही थांबली. विभागात कुजबुज झाली, की बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी मनाची समजूत घातली, की मॅडमना खरोखर प्रश्नच चुकल्यासारखे वाटत आहेत. माझं नाव निघालं नाही म्हणजे त्यांना कळलेलं नाही. ही समजूत मी वीस वर्षं जपली, आतली शंका मात्र गेली नाही.

मला त्यांनी एकच शिक्षा दिली, तीही शिक्षा म्हणून नव्हे. “फॉर्म पुरे झाले,” म्हणाल्या, “आता एक पूर्ण हंगाम आईजवळ बस. कुणाला काही विचारायचं नाही. हात काय करतात तेवढं लिहायचं.” मी बसले. थंडीचा सगळा हंगाम बसले, आधी समोरच्या हातगाडीवरचे हात बघत. कोण काय दाबतं, किती दाबतं, काय मोडतं, मोडून कुठे टाकतं. कोबीची वरची पानं कोण सोलतं, वांग्याचा देठ कोण वाकवतं. वह्या भरत गेल्या.

आईला वह्यांशी घेणंदेणं नव्हतं. तिला दुकान वाचवायचं होतं. हंगामाच्या सुरुवातीलाच एका सकाळी तिने प्लास्टिक काढून घडी करून ठेवलं, माझी सुरेख पाटी उलटी करून तिच्यावर बसली, आणि कॅरेटांच्या पुढे एक टोपली मांडली. टोपलीत एक लवकी, मूठभर भेंड्या, तीन-चार टमाटे. पहिलं गिऱ्हाईक आलं तसं म्हणाली, “हे घ्या. दाबा, मोडा, नख मारा, काय कराचं ते करा. मांगच्या मालाले हात लावाचं काम नाई. दोन्ही एकाच वाडीचं, एकाच तोडीचं.”

बाईने लवकीला नख मारलं, भेंडी मोडली, टमाटा दाबला. मान हलवली. “तोल,” म्हणाली. आणि मागच्या कॅरेटातला माल हात न लावता घेऊन गेली.

त्या दिवशी संध्याकाळी आईची नखाची लवकी चाळणीसारखी झाली होती. बाकीच्या लवक्यांवर एक ओरखडा नव्हता. पुढे कित्येक महिने आमच्या घरी रोज लवकीची भाजी झाली. वडील एकदा ताटावरून म्हणाले, “हे संशोधन कधी संपते?”

मॅडमनी टोपली बघितली. मग आईच्या समोर उकिडव्या बसल्या. “यमुनाबाई, हे कसं सुचलं तुम्हाला?”

“त्यात सुचाचं काय? सोनार बी अंगठी हाती देतेच ना पाहाले. तिजोरी थोडीच देते?”

पुढे मॅडमनी यावर जो निबंध लिहिला, तो या विषयातल्या लोकांना माहीत आहे. नमुन्याच्या टोपलीची पद्धत अमरावतीत आणि अकोल्यात आता बऱ्याच भाजीवाल्या वापरतात, आणि ती कुठून आली हे त्यांना ठाऊकही नसतं. निबंधावर पहिलं नाव यमुनाबाईंचं आहे, दुसरं मॅडमचं. भाजीवालीचं नाव निबंधावर कसं, असा आक्षेप आला होता. मॅडम म्हणाल्या, “पद्धत त्यांची आहे. मी नुसती उभी होते.” आईला छापलेली प्रत दिली, तर तिने ती उलटसुलट करून बघितली आणि देव्हाऱ्यात ठेवली. तिसरं नाव माझं आहे. ते दिसलं की अजूनही मी पान उलटते.

वैयक्तिक जिव्हाळ्याबद्दल लिहा, असंही समितीचं पत्र सांगतं. आईचा मोतीबिंदू निघाला तो अकोल्याला. मॅडमनी तिला आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं, डोळ्यात थेंब स्वतः घातले. तिसऱ्या दिवशी एका डोळ्यावर पट्टी असलेल्या आईने त्यांचा फ्रिज उघडला आणि कपाळाला हात लावला. “अवो बाई, सांबार असं पिशवीत कोंबून ठेवता? गुदमरते ते. कागदात गुंडाळा. अन् तुमी डॉक्टर भाजीच्याच ना?” सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. हा किस्सा मॅडमनीच पुढे प्रत्येक वर्गाला सांगितला, दरवर्षी, आणि दरवर्षी आईपेक्षा स्वतःलाच जास्त हसल्या. आई आता थकली आहे, दुकानात भावजय बसते. मॅडमचा फोन आला की आई अजूनही आधी विचारते, “सांबार कागदात ठेवून राहिल्या ना?”

आता शेवटचं. या ग्रंथासाठी जुने फोटो आणायला मी गेल्या महिन्यात अकोल्याला मॅडमकडे गेले. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. “तूच बघ, मला धुळीचा त्रास होतो,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. फोटो वरच होते. त्यांच्याखाली एक जाडजूड पिवळा लिफाफा होता. उघडला, तर आत माझे साठ फॉर्म.

प्रत्येक फॉर्मच्या मागे पेन्सिलने, मॅडमच्या अक्षरात, खरी उत्तरं लिहिलेली होती. जशी बोलली गेली तशीच, एका शब्दाची इस्त्री न करता. ‘दाबून नाई पाहू त का फोटू पाहून घेऊ.’ ‘देवाघरची बी नाई घेत.’ काहींच्या मागे, ‘या घरी कोणी आले नव्हते.’ ते दोन रविवार मॅडम माझ्या साठ घरांच्या दारात उभ्या होत्या. बैठकीत ‘चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही’ म्हणाल्या, ते त्यानंतर. आणि लिफाफ्यावर एकच ओळ होती, ‘रेखाला विचारायचे नाही. सांगेल ती.’

मी तो लिफाफा होता तसा ठेवला. मॅडम चहा घेऊन आल्या, चिवडा आणला. “सापडलं का काही?” त्यांनी विचारलं.

“फोटो सापडले,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि आईची चौकशी केली. चहा संपला, मी गाडीला निघाले. तेव्हाही बोलले नाही. बडनेरा येईपर्यंत खिडकीशी बसून रडले, आणि त्या रात्री समितीला कळवलं, की लेख मी लिहीन, पण तो छापायचा तर पूर्ण छापा.

अमृतमहोत्सवाच्या या वेळी मॅडमना माझं मागणं देवाकडे आहे ते असं. बाजारात तासभर उभं राहण्याइतके त्यांचे गुडघे बळकट राहोत. दुरून लोकांचे हात दिसतील इतकी त्यांची नजर शाबूत राहो. त्यांची गाडी फळांपायी सुटत राहो. शंभरी त्यांनी गाठावी, आणि त्या दिवशीही त्यांच्या हातात ती छोटी वही असावी. आमच्या घरून दरवर्षी एक नखाची लवकी त्यांना पोचती होईल, हा आईचा निरोप आहे.

माझा निरोप वेगळा आहे. मॅडम, त्या दिवशी फोटो सापडले, आणि लिफाफाही सापडला. ते फॉर्म मी खोटे भरले होते. वीस वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगितलं.